बंदुका शांत झाल्यावर जंगल कुणाच्या हाती? (गडचिरोली, ग्रामसभा आणि सामूहिक वनहक्क)

रानपाखरू

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं ठेवून शरण आला. तेव्हापासून जिल्ह्याबद्दल जे काही छापून येतंय त्यात रस्ते, टॉवर, पोलाद आणि गुंतवणूक यांचीच चर्चा असते. रस्ते हवेतच. पण याच जिल्ह्यात, संघर्ष पेटलेला असताना, हजारावर गावांनी वनहक्क कायद्याखाली आपापल्या जंगलाचे सामूहिक हक्क मिळवले. बांबू आणि तेंदूपत्ता (विडीचं पान) स्वतः विकला, आपसातले वाद स्वतः मिटवले. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

माझं मत आधीच सांगते. मला हा काळ धोक्याचा वाटतो. दोन्हीकडून बंदुका रोखलेल्या असताना गावाची कोंडी होत होती हे खरंच, पण त्याच भीतीपोटी बाहेरचे बरेच जण जंगलापासून लांब राहिले. आता वाट मोकळी झाली आहे आणि ती सगळ्यांनाच मोकळी झाली आहे. अशा वेळी जंगलाचा कारभार ग्रामसभेच्या हातात राहायचा असेल तर गावाकडे नेमकं काय तयार हवं?

ज्यांनी तिकडे काम केलंय, जे तिथे राहतात, किंवा ज्यांना इतर देशांतले असे अनुभव माहीत आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चांदागड

योग्य वेळी काढलेला धागा. वाचतोय.

तिसरा_प्रहर

प्राथमिक प्रश्न विचारतो, राग मानू नका. सामूहिक वनहक्क म्हणजे गावाच्या नावावर सातबारा होतो का? आणि मग वनखातं कशाला उरतं?

कायदेकानू

तिसरा_प्रहर, प्रश्न रास्त आहे. बऱ्याच सरपंचांनाही हे नीट माहीत नसतं.

२००६ च्या कायद्यात दोन प्रकारचे हक्क आहेत. एक वैयक्तिक, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या वनजमिनीचा, जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत. दुसरा सामूहिक. त्यात गौण वनोपजाची (म्हणजे लाकूड सोडून जंगलातल्या इतर मालाची) मालकी आली, निस्तार (घरगुती गरजेपुरता जंगलाचा वापर) आला, गुरंचराई, मासेमारी आली. आणि सगळ्यात वजनदार कलम म्हणजे ३(१)(झ): गावाने परंपरेने राखलेल्या जंगलाचं संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क. जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. सातबारा सावकाराकडे जाऊ शकतो, हा हक्क जाऊ शकत नाही.

दावा गावातूनच सुरू होतो. ग्रामसभा वनहक्क समिती निवडते, ती मोक्यावर जाऊन पाहणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग तो उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हास्तरीय समितीकडे जातो. पुरावा म्हणून वडीलधाऱ्यांचा जबाब चालतो, देवस्थान, जुनी वस्ती, स्मशान, विहीर यांच्या खुणा चालतात. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेला निम्मे प्रौढ हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. पेसा (आदिवासी क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा) लागू असलेल्या भागात स्वतंत्र पाडा-टोल्याचीही ग्रामसभा होऊ शकते. हे फार महत्त्वाचं, कारण गटग्रामपंचायतीच्या सभेत लहान टोल्याचा आवाज दबतो.

वनखातं उरतं. पण व्यवस्थापनाचा पहिला अधिकार ग्रामसभेचा. मनाने हे अजून बऱ्याच ठिकाणी पटलेलं नाही.

वैनगंगाकाठ

मेंढा (लेखा) चं नाव आलंच पाहिजे. धानोरा तालुक्यातलं लहानसं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांची. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी कित्येक वर्षं तिथे जे केलं ते बाहेरून पाहणाऱ्याला फार संथ वाटायचं. निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा. एक जरी माणूस विरोधात असला तरी थांबायचं, अभ्यासगटात पुन्हा बसायचं. २००९ मध्ये मेंढा आणि शेजारचं मर्दा, दोन्ही गावांना सामूहिक हक्क मिळाला. मेंढ्याचं क्षेत्र साधारण १८०० हेक्टर.

कागद मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याकडे. बांबू झाड की गवत, यावर किती काथ्याकूट झाला! वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरलं होतं, १९२७ चा भारतीय वन कायदा त्याला झाडांत मोजत होता. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. हक्क मिळणं आणि हक्क वापरता येणं यात जवळपास दोन वर्षांचं अंतर होतं, आणि तेही देशभर नाव असलेल्या गावाच्या बाबतीत.

रानपाखरू ताई, "काय तयार हवं" याचं माझ्या मते पहिलं उत्तर बैठकीची सवय. ती कागद यायच्या आधी लागते.

सागवान

वनखात्यात आयुष्य गेलं, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मेंढा हे एक गाव आहे. प्रत्येक चर्चेत तेच पुढे केलं जातं आणि बाकीच्या हजार गावांकडे त्याच नजरेने पाहिलं जातं. मी अशीही गावं पाहिली आहेत जिथे हक्क मिळाल्यावर दोन वर्षांत बांबूचं रान ओरबाडलं गेलं. कोवळा बांबू, जुना बांबू, काही पाहिलं नाही. ठेकेदाराने सांगितलं तोडा, तोडला. बांबूच्या बेटातून कोणत्या वर्षाचा काढायचा, किती कोंब राखायचे, बेटाचा मधला भाग का सोडायचा, यामागे शास्त्र आहे. तेंदूच्या हंगामाआधी नवी पालवी जास्त फुटावी म्हणून आग लावली जाते, ती वणवा होऊन डोंगर चढते. रात्री झोडप्या घेऊन कोण धावतं? वनरक्षक आणि हंगामी मजूर.

संघर्षाच्या काळात आमच्या माणसांना आतल्या बीटांत (वनरक्षकाच्या हद्दीतल्या जंगलात) जाता येत नव्हतं. डेपो जाळले गेले, मारहाण झाली. त्या काळात जंगल टिकलं असेल तर त्यात गावांचा वाटा आहे, हे मी मान्य करतो. पण यापुढे खात्याला बाजूला सारून कारभार होईल असं कुणी समजू नये.

पळसफूल

सागवान काका, तुमच्या आगीच्या मुद्द्यावर पूर्ण सहमत, आणि म्हणूनच पाचगावचं उदाहरण देते. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं गाव, २०१२ मध्ये साधारण १००० हेक्टरवर हक्क मिळाला. बांबूवर गावाला रोजगार मिळतो. आणि तेंदूपत्ता तोडायचाच नाही, असं ग्रामसभेने ठरवलं. फांद्या छाटणं, आग, आणि विडीने होणारं नुकसान या सगळ्याचा विचार करून. हातात येणारा रोख पैसा गावाने सोडला! कुठलाही आदेश वरून आलेला नव्हता.

अर्थात हे सगळ्यांना जमणार नाही. ज्या घराचं वर्षाचं मीठ-मिरची, मुलांच्या वह्या, दवाखाना सगळं तेंदूच्या दहा-पंधरा दिवसांवर आहे त्याला "तोडू नका" सांगायचा हक्क मला नाही.

धानोरा_रोड

मी तेंदूचं सविस्तर लिहितो, कारण संघर्षक्षेत्रात जंगलाचा कारभार म्हणजे शेवटी हंगामातल्या पैशाचा कारभार.

मे महिन्यात पहाटे अंधारात अख्खं घर जंगलात जातं. ऊन चढायच्या आत पानं घेऊन परत. मग सावलीत बसून पुडे बांधायचे, लहान पोरंसुद्धा पानं जुळवून देतात. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी. तिथे पुडे जमिनीवर रांगेने मांडतात, मुन्शी मोजतो आणि कार्डावर आकडा टाकतो. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पूर्वी शेकड्यामागे काही पुडे ठेकेदार फुकट घ्यायचा, "खराब निघतात" म्हणून. ग्रामसभेची फळी झाली तशी ही लूट बऱ्याच ठिकाणी थांबली, कारण मुन्शी गावचाच पोरगा, त्याची मोजणी चुकली तर रात्री सभेत उत्तर द्यावं लागतं.

विक्री अशी होते: काही ग्रामसभा एकत्र येतात, वर्तमानपत्रात जाहिरात देतात, ठेकेदार बंद लिफाफ्यात दर टाकतात, सगळ्यांसमोर लिफाफे फुटतात, करारनामा होतो. मजुरी वेगळी, ग्रामसभेची रॉयल्टी वेगळी. गोम इथेच आहे. २०१७ च्या हंगामात बोली कधी नव्हे इतक्या चढल्या. जुलैपासून जीएसटी आला, तेंदूपानावर १८ टक्के. बाजार बसला, आणि काही ठेकेदार माल उचलून पैसे न देताच पसार झाले. ज्या गावांनी आगाऊ रक्कम आणि हप्ते करारात नीट लिहून घेतले होते ती वाचली. ज्यांनी तोंडी विश्वास ठेवला त्यांची रॉयल्टी बुडाली. आमच्या ओळखीच्या एका गावात तो करार एका पानाचा होता आणि त्यावर रक्कम सोडून दुसरी एकही अट नव्हती.

म्हणून रानपाखरू, माझं उत्तर: वकिलाने वाचलेला करारनामा आणि हिशेब ठेवणारी दोन माणसं. यात एक तरी बाई हवी.

शंकासुर

सगळे एक गोष्ट टाळताय. तेंदूच्या पैशातून माओवाद्यांना खंडणी जात होती. ठेकेदार देत होते हे पोलिसांनी वेळोवेळी सांगितलंय. मग ग्रामसभेच्या हातात कोट्यवधींचा व्यवहार देणं म्हणजे त्यांनाच बळ देणं नव्हतं का?

धानोरा_रोड

शंकासुर, टाळत नाही. खंडणी होती. पण ती ग्रामसभांच्या आधीपासून होती, वनखातं तेंदूच्या युनिटचा (जंगलाच्या ठरावीक भागाचा) लिलाव करायचं तेव्हाही ठेकेदार देत होते. ठेकेदाराकडे रोख असते, हिशेब कुणाला द्यावा लागत नाही, तिथे खंडणी सोपी जाते. पैसा ग्रामसभेच्या बँकखात्यात आला, मजुरी घराघरांच्या खात्यात गेली, बाकीचा ठराव करून खर्च झाला, तर पैसा मागायला येणाऱ्याला अख्ख्या गावासमोर मागावा लागतो. दबाव आला नाही असं मी म्हणत नाही. दोन्ही बाजूंनी आला. रात्री एका बाजूने विचारलं जायचं "पैसा किती आला", दिवसा दुसऱ्या बाजूने "पैसा कुणाला दिला". सभेच्या वहीवर सही करायलाही लोक घाबरायचे, कारण ती वही कुणाच्या हाती पडेल सांगता येत नव्हतं.

तरी त्या गावांनी वही लिहिली. माझ्या दृष्टीने जिल्ह्यातलं सगळ्यात धाडसाचं काम ते आहे.

चांदागड

शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन.

मोहफूल

बायकांचा मुद्दा धानोरा_रोड यांनी ओझरता मांडला, मी पुढे नेते. कोरची तालुक्यात नव्वदेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली आहे. त्याआधी कित्येक वर्षं तिथल्या बचतगटांच्या बायकांचं जाळं होतं, दारूबंदी, जमिनीवर नवऱ्याबरोबर नाव, अशा विषयांवर. त्यामुळे महाग्रामसभेत बायका पहिल्यापासून बरोबरीने बसल्या. झेंडेपारच्या लोहखाणीला विरोध झाला त्यातही त्याच पुढे होत्या.

जंगलातून रोज काय येतं हे बाईला जास्त माहीत असतं. कुठल्या नाल्याकाठी कुडाची फुलं, कुठल्या उतारावर मोहाची चांगली झाडं, तलावात कधी मासे चढतात. व्यवस्थापन आराखडा करताना पुरुष साग-बांबू मोजतात. बायकांना विचारलं की आराखड्यात भाजी, कंद, औषधं, सरपण येतं. एका बैठकीत आराखडा वाचून झाला आणि मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "यात खायचं काहीच नाही." सगळे हसले आणि मग आराखडा पुन्हा लिहायला घेतला.

बोरकाटा

आजींना कृषी विद्यापीठात पाठवा :)

तिसरा_प्रहर

आजी एकदम मुद्द्यावर आल्या.

कायदेकानू, सविस्तर उत्तराबद्दल आभार. आता पुढचा प्रश्न. जिथे युद्ध संपलं तिथे पुढे काय झालं? आपल्याकडची वेळ पहिलीच नसेल ना.

दूरदेशी

तिसरा_प्रहर, कोलंबियाचा अनुभव या धाग्याला अगदी लागू आहे.

तिथे फार्क या गनिमी संघटनेशी २०१६ मध्ये शांतता करार झाला. कित्येक भागांत फार्कने झाडतोडीवर स्वतःचे निर्बंध घातले होते, त्यामागे त्यांच्या लपण्याची सोय हेही कारण होतं. त्यांची माणसं डोंगर-जंगल सोडून बाहेर आली आणि त्या जागी सरकारी यंत्रणा वेळेवर पोचली नाही. पोचले ते जमीन बळकावणारे आणि गुरांची कुरणं करणारे. सरकारच्याच आकड्यांनुसार २०१६ मध्ये सुमारे १,७८,००० हेक्टर जंगल गेलं, २०१७ मध्ये सुमारे २,२०,०००. शांततेच्या पहिल्या वर्षात!

याच देशात १९९३ च्या ७० क्रमांकाच्या कायद्याने प्रशांत किनाऱ्यावरच्या कृष्णवर्णीय समाजांना सामूहिक जमिनीचे हक्क दिले, मिळून पन्नास लाख हेक्टरहून जास्त. पण कुर्वारादो आणि हिगुआमिआंदो या नद्यांच्या खोऱ्यातल्या लोकांना १९९६-९७ च्या लष्कराच्या आणि खासगी सशस्त्र टोळ्यांच्या कारवायांत गाव सोडून पळावं लागलं. २००० मध्ये त्यांच्या नावाने सामूहिक हक्काचा कागद निघाला. परत येऊन पाहतात तर त्यांच्या जमिनीवर पामतेलाच्या बागा! कागद गावाकडे, जमीन कंपनीकडे. पुढची कित्येक वर्षं कोर्टकचेरीत गेली.

नेपाळचं चित्र वेगळं. १९९६ ते २००६ तिथे माओवाद्यांचं युद्ध चाललं. १९९३ च्या वन कायद्याने सामुदायिक वन उपभोक्ता समूह आधीच उभे राहिले होते. २००२ मध्ये स्थानिक संस्थांची मुदत संपली आणि पुढे पंधरा वर्षं गावपातळीवर निवडणूकच झाली नाही. त्या पोकळीत गावात नियमित सभा घेणारी, हिशेब वाचून दाखवणारी, निवडून आलेली संस्था बहुतेक ठिकाणी हीच उरली. लष्कर जंगलात जाऊ देत नव्हतं, माओवादी वर्गणी मागत होते, तरी समूह टिकले. आज त्यांची संख्या वीस हजारांहून जास्त आहे.

सागवान

नेपाळबद्दल एक भर. तिथे वनखात्याने समूहांबरोबर बसून कार्ययोजना केली, तांत्रिक मदत दिली. खातं आणि गाव समोरासमोर उभे नव्हते. मला तेच म्हणायचं होतं.

वैनगंगाकाठ

काका, मग आपल्याकडेही तसं होऊ द्या की. मेंढ्याच्या लोकांनी तुमच्या खात्याच्या माणसांना अभ्यासगटात बोलावलं होतं. यायला कुणी अडवलं नव्हतं.

सागवान

काही जण जात होते. मी गेलो होतो. खाली जमिनीवर बसायचं, आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत उठायचं नाही. खूप शिकलो त्यातून.

पोटापाण्याचं_बोला

सगळं ऐकायला छान आहे. पण तिथल्या पोराला बारावीनंतर काय? पुडे बांधत बसायचं? सुरजागडच्या लोहखाणीमुळे पहिल्यांदा पगाराची नोकरी आली, गावात मोटारसायकली आल्या. तुम्ही शहरात बसून जंगल वाचवा, त्यांनी मात्र कंद खात राहायचं, असं का?

मोहफूल

प्रश्न रागाने विचारलाय, पण खरा आहे. मी तिथलीच आहे. माझ्या भावाला नोकरी हवी आहे आणि माझ्या आईला जंगल हवं आहे. एका घरातली गोष्ट सांगतेय.

आमचं म्हणणं एवढंच की विचारा. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, सत्तर गावांच्या इलाक्याची दरवर्षी जानेवारीत यात्रा भरते. ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला. त्या सत्तर गावांच्या सभा घेऊन मन मोकळेपणाने विचारलं असतं, नोकऱ्या किती, पाणी कुठलं, लाल माती कुणाच्या शेतात जाणार, हे समोर ठेवलं असतं, तर कदाचित काही गावं हो म्हणाली असती. २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथे सत्तरहून जास्त वाहनं जाळली. त्यानंतर ज्याने खाणीबद्दल शंका काढली त्याच्याकडे संशयाने बघितलं जायला लागलं. बंदुकीने आमची शंकासुद्धा हिसकावून घेतली. आता बंदूक गेली आहे तर आमची शंका आम्हाला परत मिळावी.

कायदेकानू

मोहफूल ताईंच्या "विचारा" ला कायद्याचं बळ आहे. ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही जणींनी नकार दिला आणि खाण थांबली.

पण तेव्हापासून जमीन सरकली आहे. ऑगस्ट २००९ च्या केंद्रीय परिपत्रकानुसार वनजमीन वळती करण्याआधी ग्रामसभेची संमती लागायची. वन संवर्धन कायद्याच्या २०२२ च्या नव्या नियमांत वनहक्कांची पूर्तता केंद्राच्या मंजुरीनंतर राज्याने पाहायची, असं झालं. मंजुरी हातात आल्यावर "तुमची हरकत आहे का" विचारण्याला काय अर्थ उरतो? आणि त्याच कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने नक्षलग्रस्त म्हणून अधिसूचित भागात सार्वजनिक सोयींच्या प्रकल्पांसाठी ५ हेक्टरपर्यंत त्या कायद्यातून सूट दिली. संघर्ष ओसरला तरी "नक्षलग्रस्त" हा शिक्का आणि त्यासोबतची सूट किती वर्षं राहणार, हा प्रश्न ग्रामसभांनी आत्ताच विचारायला हवा.

दुसरा विषय दूरदेशींच्या पळून गेलेल्या लोकांवरून आठवला. शेजारच्या छत्तीसगडमध्ये जून २००५ मध्ये सलवा जुडूम ही सरकारी पाठिंब्याची माओवादविरोधी मोहीम सुरू झाली. गावंच्या गावं उठली, हजारो लोक तेव्हाच्या आंध्रात गेले. आज ते तेलंगणात आहेत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस करून बंदुका देण्याची ती पद्धत घटनाबाह्य ठरवली, पण लोक परतले नाहीत. वनहक्क कायद्यात बेकायदा विस्थापन झालेल्यांना मूळ जागी पुनर्वसनाचा हक्क आहे, कलम ३(१)(ड). तो १३ डिसेंबर २००५ च्या आधी हलवलेल्यांना. जुडूमची बरीच हानी त्या तारखेनंतरची. म्हणजे ज्यांना या कलमाची सर्वाधिक गरज त्यातले कितीतरी तारखेच्या पलीकडे पडतात. इकडे तेलंगणात त्यांनी कसलेली जमीन २००५ नंतरची, म्हणून तिथेही दावा बसत नाही. ही माणसं परत आली तर त्यांच्या ग्रामसभेने त्यांचं शिवार त्यांच्यासाठी राखलेलं असेल का?

बोरकाटा

हे वाचून सुन्न झालो. हे माहीतच नव्हतं.

शंकासुर

माझ्या प्रश्नाचं उत्तर धानोरा_रोड यांनी दिलं, पटलं. एक शंका उरली. गावागावांत हद्दीचे वाद लागले तर? बंदूक गेल्यावर जुनी भांडणं वर येतात असं ऐकलंय.

धानोरा_रोड

येतात. आणि आजवर बोलायचं राहून गेलेला विषय हाच आहे. पारंपरिक हद्द नाला, टेकडी, देवाचा दगड, एखादं मोठं ऐनाचं झाड यांवरून ठरते. वनखात्याची हद्द कक्ष (खात्याने पाडलेला जंगलाचा तुकडा) क्रमांकावर. दोन्ही जुळत नाहीत. कित्येक दावे घाईने मंजूर झाले तेव्हा कक्षच्या कक्ष एका गावाला देऊन टाकले, आणि शेजारच्या गावाचा मोहाचा पट्टा त्यात गेला. कागदावर एका गावाचं, वापर दुसऱ्याचा. जोवर मोहफुलं घरी खाण्यापुरती वेचली जात होती तोवर कुणी बोललं नाही. तेंदूची रॉयल्टी मोठी झाली तसे आवाज चढले.

ज्यांनी हे मिटवलं त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. दोन्ही गावांचे भूमिया (गावचे परंपरागत प्रमुख) आणि म्हातारे एकत्र हद्द चालतात, बरोबर जीपीएस घेऊन एखादा तरुण. जिथे मतभेद तिथे थांबायचं, देवाला मानायचं, बोलायचं. कुठे ठरतं की हद्द या गावाची, पण त्या गावाने मोह वेचायचा. हे सगळं दोन्ही ग्रामसभांच्या ठरावात शब्दशः लिहून दोन्हीकडे ठेवायचं. तहसील कार्यालयात दोन वर्षं पडून राहिलेला एक वाद अशा एका फेरीत सुटताना पाहिलाय.

रानपाखरू

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते. बैठकीची सवय, नीट करारनामा, हिशेबाची वही, बायका निर्णयात, शेजाऱ्याशी मिटवलेली हद्द, आणि परतणाऱ्यांसाठी राखलेली जागा. कोलंबियाचं वाचून माझी भीती वाढली, नेपाळचं वाचून धीर आला.

एक गोष्ट मात्र मला अजून अडते. हे सगळं गावाने केलं तरी सरकारी दप्तरात ते दिसतं का? उद्या एखादा प्रकल्प आला आणि अधिकाऱ्याने संगणकावर पाहिलं तर त्याला तिथे "राखीव वन" दिसणार की "अमुक ग्रामसभेचं सामूहिक वन"?

कायदेकानू

बहुतेक ठिकाणी "राखीव वन" च दिसतं, आणि दुखणं तिथेच आहे. २०१२ च्या नियमांत १२अ मध्ये स्पष्ट आहे: हक्क मंजूर झाल्यावर महसूल आणि वन विभागांनी अंतिम नकाशा करायचा आणि तीन महिन्यांच्या आत हक्काची नोंद दोन्ही दप्तरांत घ्यायची. हे गावाने मागून घ्यायचं आहे. ठराव करून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तीन महिने झाले की जिल्हास्तरीय समितीकडे जा.

सागवान

कायदेकानू म्हणतात ते बरोबर. खात्याच्या बाजूने काय लागतं ते मी सांगू शकतो: वन हक्काच्या दाखल्याची प्रत, कक्षनिहाय क्षेत्र, जीपीएसचे बिंदू, आणि शेजारच्या गावांचे ना-हरकत ठराव. कार्य आयोजनेची (खात्याच्या दीर्घ मुदतीच्या वन आराखड्याची) पुनर्रचना होत असताना हे दिलं तर गावाचा आराखडा त्यात बसवता येतो, नंतर दिलं तर फाइल पुढच्या दहा वर्षांवर जाते. ज्या ग्रामसभांना हे कागद जुळवायला मदत हवी असेल त्यांनी मला व्यक्तिगत संदेश करा. मी येऊन बसेन.

मोहफूल

काका, आमच्या टोल्याच्या जीपीएसचे बिंदू आहेत, ना-हरकत दोनच गावांची आहे, तिसऱ्याची राहिली आहे. संदेश केलाय.